दुसरी शिंक

सोलापूरच्या बाळीवेशीत विरुपाक्षाचं घर होतं. दोन खोल्या, पुढं पडवी आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण. दार चांगलं रुंद होतं, कडीही सहज निघायची. पण कार्तिक सरत आला की थेट संक्रांत उलटेपर्यंत त्या दारातून कोणालाही पहिल्या प्रयत्नात बाहेर पडता येत नसे. कारण ते दीडदोन महिने विरुपाक्षाची पोरं शिंकायची.

पोरं सगळ्यांचीच शिंकतात. पण विरुपाक्षाची आई, ईरम्मा, हिचा शिंकेच्या बाबतीतला कायदा कडक होता. बाहेर पडताना एक शिंक आली की परत फिरायचं, पाटावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. लगोलग दुसरी आली तर पहिली रद्द, खुशाल निघा. इथपर्यंत सगळ्या पेठेला मान्य होतं. या घरात मात्र पोरं दोन होती. आठ वर्षांच्या राजीला एका वेळी एकच शिंक यायची आणि पाच वर्षांच्या मल्लूला तीन. त्यामुळं ईरम्माला कायद्यात पोटकलम घालावं लागलं होतं. सम आकडा चांगला, विषम वाईट. राजीची एक आणि मल्लूच्या तीन मिळून चार झाल्या तर जा. मल्लूच्या नुसत्या तीन झाल्या तर राजी शिंकेपर्यंत बसा.

विरुपाक्ष रोज सकाळी एका पायात चप्पल, हातात जेवणाचा डबा आणि कान माजघराकडं अशा अवस्थेत उंबऱ्यात उभा असायचा. दुसऱ्या शिंकेची त्यानं जेवढी वाट पाहिली तेवढी बढतीचीही पाहिली नव्हती. गिरणीचा भोंगा होऊन जायचा, शेजारच्या नरसय्याचा हातमाग खटाखट सुरू व्हायचा, आणि आतून ईरम्मा हाक द्यायची, “थांब की रं! अजून एक यायचीय!”

एरवी हे चालून गेलं असतं. त्या काळी कचेरीत दहा म्हणजे साडेदहा आणि साडेदहा म्हणजे चहा झाल्यावर, असा एक सुखाचा हिशेब होता. पण ते आणीबाणीचं वर्ष होतं. भिंतीभिंतीवर वक्तशीरपणाचे बोर्ड लागले होते आणि दहा वाजून पाच मिनिटांनी मस्टर साहेबांच्या टेबलावर जायचं. सलग चार दिवस उशीर झाल्यावर विरुपाक्षाकडं लेखी खुलासा मागवण्यात आला. चौदा वर्षं त्यानं दुसऱ्यांचे खुलासे फायलीला लावले होते, स्वतःचा लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. ‘कौटुंबिक व नैसर्गिक कारणास्तव’ असं त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं.

“नैसर्गिक कारण म्हणजे काय? पूर आला होता?”

“नाही साहेब. शिंक.”

“तुम्हाला?”

“मुलीला.”

“शिंक मुलीला आणि उशीर तुम्हाला?”

“साहेब, एकच आली. दुसरी आलीच नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. मग दार नीट लोटलेलं आहे याची खात्री करून हलक्या आवाजात म्हणाले, “पाणी पिऊन निघाला होतात ना?”

“हो साहेब.”

“मग ठीक आहे. पण खुलाशात सायकल पंक्चर लिहा.”

सायकल पंक्चर झाली म्हणून कोणाचं आयुष्य अडत नाही. अडलं होतं ते गिरिजाचं. गिरिजा ही विरुपाक्षाची धाकटी बहीण. चोवीस वर्षांची, शिवणाच्या क्लासात शिकवणारी, बोलायला सरळ आणि म्हणूनच नातेवाइकांत थोडी अवघड समजली जाणारी. कार्तिकात बार्शीहून एक स्थळ आलं होतं. सगळं जुळलं होतं. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी सुपारी उचलली, ‘पसंत’ म्हणायला तोंड उघडलं, आणि दाराआडून राजी शिंकली. एकदा. सगळे थांबले. मल्लू नेमका झोपलेला. सुपारी हळूच तबकात परत गेली, आणि आठ दिवसांनी कार्ड आलं की सध्या योग दिसत नाही.

राजीला कोणी मारलं नाही, कोणी रागावलंही नाही. ईरम्मा फक्त एवढंच म्हणाली, “सोन्यासारखं स्थळ पोरीच्या नाकानं घालवलं.” ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. राजी तिथंच शेंगा फोडत बसली होती.

पौषात दुसरं स्थळ आलं, अक्कलकोटचं. मुलगा संगप्पा हायस्कुलात मास्तर, स्वभावानं गरीब, देण्याघेण्याची अट नाही. ‘फक्त मुलाची आजी अक्कम्मा शकुनाच्या बाबतीत फार कडक आहे,’ असं मध्यस्थानं पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलं होतं. ही आजी शिंक ऐकून वऱ्हाडाचा ट्रक वागदरीपासून परत फिरवणारी म्हणून तीन तालुक्यांत प्रसिद्ध होती. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला ते लोक सोलापूरला येणारच होते. देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी, मंगळवारी, सहज घरी येतील. सहज म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

विरुपाक्षानं ठरवलं की मंगळवारच्या आत या शिंकांचा बंदोबस्त करायचा.

हा बेत त्यानं मनात ठेवायला हवा होता. पण अंगण चार बिऱ्हाडांचं. पहिल्याच दिवशी नरसय्यानं माग थांबवला आणि तो पडवीत येऊन बसला. “अण्णा, काय बी खर्च न्हाई. ओवा, हळद, शेणी. धुरी द्यायची. आमच्या घरात समदे धुरीवरच वाढले.” धुरी दिली. ती इतकी मनापासून दिली गेली की पलीकडच्या बिऱ्हाडातली माणसं घागरी घेऊन आग विझवायला आली. पोरं शिंकली नाहीत हे खरं, कारण दोघं खोकत होती.

मग दूध घालणाऱ्या केराबाईनं वेगळं निदान केलं. “दादा, पोरीच्या आंगात शिंका साठल्यात बगा. पावनं यायच्या आदीच समद्या काडून टाका की. चिमूटभर तपकीर हुंगवा. धा-बारा भाईर पडल्या की झालं, मग कुटनं शिंकंल? लई सोपं हाय.” विरुपाक्षाला हा विचार शास्त्रीय वाटला. पण बाप म्हणून त्यानं प्रयोग आधी स्वतःवर केला, कचेरीला निघण्यापूर्वी, चिमटीऐवजी बोटभर. तेवीस शिंका आल्या. त्या माजघरात बसून ईरम्मानं मोजल्या आणि निकाल दिला, “विषम.” त्या दिवशी तो अकरापर्यंत पाटावर बसून होता, आणि सायकल पुन्हा पंक्चर झाली.

बायकोनं, महानंदानं, तिसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, “अहो, डॉक्टरला दाखवा. शेजारी विचारायचं बंद करा.” विरुपाक्ष म्हणाला, शिंकेला कोण डॉक्टरकडं जातं? लोक हसतील.

त्याच दिवशी कचेरीतून आल्यावर जोंधळ्याच्या कणगीमागं पडलेली दौत शोधताना त्याला राजी दिसली. कोपऱ्यात उकिडवी बसली होती. दोन्ही हातांनी नाक गच्च दाबलेलं, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. त्याला वाटलं पोरीचा श्वास अडकला. त्यानं तिचे हात ओढले.

“काय करतीस?”

“धरतेय,” राजी म्हणाली. “मला जमायला लागलंय अप्पा. काल दोन धरल्या, आज चार. कान दुखतात, पण मंगळवारपर्यंत सगळ्या धरता येतील. मग आत्याचं लगीन हुईल की.”

विरुपाक्ष दौत विसरून तिथंच खाली बसला. कार्तिकातलं ते एक वाक्य या पोरीनं दोन महिने जवळ बाळगलं होतं, आणि आपण मस्टरची काळजी करत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याच संध्याकाळी तो दोन्ही पोरांना आणि ईरम्माला घेऊन डॉक्टरकडं गेला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरांची नाकं बघितली, छाती ऐकली आणि म्हणाला, “याला ॲलर्जी म्हणतात. शरीराला एखादी गोष्ट पटत नाही, म्हणून शिंका.”

“मला पुष्कळ गोष्टी पटत न्हाईत,” ईरम्मा म्हणाली. “मी शिंकते का?”

“आजी, हे धुळीमुळं होतं. या दिवसांत शेतातनं भुसा उडतो, झाडांना फुलोरा येतो, गावात गिरण्यांचा कापूस. गोळी देतो, पण तिनं झोप येईल. घरातली धूळ कमी करा. गाद्या शेवटच्या कधी पिंजून घेतल्या होत्या?”

विरुपाक्षानं आईकडं बघितलं.

“याच्या लग्नात,” ईरम्मा अभिमानानं म्हणाली.

गोळीचा गुण असा आला की राजी शाळेत पाढे म्हणता म्हणता सातवर झोपली. राहता राहिल्या गाद्या. पण गड्ड्याच्या तोंडावर सोलापुरात पिंजारी मिळणं म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी पाहुणे उतरायचे त्यांनाच कळेल. सगळं गाव त्याच आठवड्यात गाद्या उसवायचं. दस्तगीर पिंजाऱ्याकडं विरुपाक्षानं तीन हेलपाटे घातले, तेव्हा रविवार सकाळ मिळाली. रविवारी पिंजणं, सोमवारी शिवून ऊन दाखवणं, मंगळवारी पाहुणे. हे वेळापत्रक त्यानं फुलस्केप कागदावर आखून खिळ्याला अडकवलं आणि खाली सहीही केली.

दस्तगीर आला, पहिल्या गादीत हात घालून म्हणाला, “साब, इसमें रुई कम है, मट्टीच ज्यादा है. एक-एक खोलूंगा.”

“एकेक नको,” विरुपाक्ष म्हणाला. कचेरीत कोणी ऐकत नसे, त्यामुळं रविवारी त्याचा आवाज जरा मोठा असायचा. “सातही एकदम उसवा. वेळ वाचेल.”

“साब, हवा है…”

“सांगितलं तेवढं करा.”

“हौ साब. मेरा क्या,” दस्तगीर म्हणाला, आणि त्यानं अंगणाच्या मधोमध पिंजणाची तात छेडली.

बारा वर्षांची धूळ आणि सात गाद्यांचा कापूस एकदम उठला. दहा मिनिटांत कढीलिंब पांढरा झाला. वाळत घातलेली लुगडी पांढरी झाली, सांडगे पांढरे झाले, ईरम्मा होती त्याहून पांढरी झाली. राजीला गोळी देऊन आधीच नरसय्याच्या आतल्या खोलीत नेऊन निजवलं होतं, म्हणून ती वाचली. बाकी चारही बिऱ्हाडं शिंकायला लागली. ज्यांना जन्मात शिंक माहीत नव्हती तेही शिंकत होते. धुळीचा बंदोबस्त करायला निघालेल्या विरुपाक्षानं सगळ्या अंगणाला धूळ चारली होती. ईरम्मानं एक्केचाळीसपर्यंत मोजलं आणि मग कपाळाला हात लावून ती आत गेली.

तेवढ्यात दाराशी टांगा थांबला.

आधी एक पत्र्याची पेटी उतरली. मग उपरणं सावरत एक पोक्त गृहस्थ, संगप्पाचे काका सिद्रामप्पा. मग मान खाली घातलेला संगप्पा. आणि शेवटी, काठी टेकत, इरकली लुगड्यातली, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे असलेली अक्कम्मा.

“मंगळवारी येणार होतो की,” सिद्रामप्पा कापूस हातानं बाजूला सारत म्हणाले. “पण आज सकाळपास्नं आमच्या घरात कोण म्हणजे कोण शिंकलं न्हाई बघा. अक्कम्मा म्हणाल्या, असा मुहूर्त परत कुठं घावतोय? निघा म्हणजे निघा.”

विरुपाक्ष गंजिफ्रॉकात होता. डोक्यावर, भुवयांवर, मिशांवर कापूस. यजमान कुठं आहेत असं सिद्रामप्पांनी त्यालाच विचारलं. तो कुठल्या तोंडानं सांगणार होता? दस्तगीरनं पिंजण खाली ठेवलं आणि म्हणाला, “येइच है साब, यजमान.”

बसायला घरात एकही गादी नव्हती. सात गाद्यांतली एक जरी आज शिवलेली असती, असा विचार विरुपाक्षाच्या मनात आला आणि त्यानं तो दस्तगीरची नजर चुकवून गिळला. नरसय्यानं मात्र एक अक्षर न बोलता मागावरून नुकत्याच उतरवलेल्या दोन कोऱ्या चादरी आणून पडवीत अंथरल्या. त्या विकायच्या होत्या. विरुपाक्षाला पुढं कितीतरी वर्षं त्या चादरी आठवायच्या.

महानंदानं चुरमुऱ्यांचा सुशीला केला, शेंगाची चटणी वाढली. गिरिजा चहा घेऊन आली. अक्कम्मानं तिला फार काही विचारलं नाही. तिच्या पोलक्याची शिवण बोटांनी चाचपून बघितली आणि म्हणाली, “तुझ्या हातची?”

“हो.”

“छलो अदे,” अक्कम्मा म्हणाली. ‘चांगलं आहे’ एवढं कानडी विरुपाक्षाला आनंदानं समजलं. सगळं सुरळीत चाललं होतं. अंगणातला कापूस खाली बसत होता. अक्कम्माचा हात सुपारीकडं जायला लागला.

“अण्णा,” गिरिजा म्हणाली, “राजी कुठं आहे?”

“झोपलीय,” विरुपाक्ष घाईनं म्हणाला.

“तिला आणा.” मग ती अक्कम्माकडं वळली. “अज्जी, माझी एक भाची आहे. तिला या दिवसांत शिंका येतात, म्हणून तिला शेजारी दडवलंय. उद्या मी तुमच्या घरात आले, तर ती माझ्याकडं राहायला येणार, आणि शिंकणार. मी काय तिला दडवणार नाही. आधी सांगितलेलं बरं.”

ईरम्मानं डोळे मिटून घेतले. सिद्रामप्पा सुशील्यातली मिरची शोधू लागले. फक्त संगप्पानं, आल्यापासून पहिल्यांदाच, मान वर केली आणि गिरिजाकडं नीट बघितलं. विरुपाक्षाला बहिणीचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी आपण हे बोलायला हवं होतं असंही वाटलं. तो उठला आणि स्वतः जाऊन राजीला घेऊन आला.

राजी अर्धवट झोपेत होती. पाहुणे दिसताच तिचे दोन्ही हात नाकाकडं गेले. ती गिरिजाला चिकटून बसली आणि श्वास कोंडून अक्कम्माकडं बघत राहिली. अक्कम्माही तिच्या त्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं सुपारी उचलली.

“मुलगी आमाला…”

राजीच्या बोटांतून शिंक सुटली. एक.

अंगणात दस्तगीर हात वर उचलून तसाच थांबला. सगळे दुसरीची वाट बघत होते. मल्लू समोरच होता, पण सकाळपासून शिंकून शिंकून त्याचं नाक रिकामं झालं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितल्यावर तो रडायला लागला. राजीनं डोळे गच्च मिटले आणि जिवाच्या आकांतानं केली एक, “आक्‌छी!”

“खोटी चालत न्हाई,” अक्कम्मा म्हणाली. शिंकेतलं तिला कळत होतं.

सुपारी खाली यायला लागली. पण मध्येच थांबली. अक्कम्माच्या नाकाचा शेंडा हलला. चेहरा आवळला. तिनं सुपारी टाकली, काठी टाकली, आणि दोन्ही हातांनी नाक गच्च दाबलं. गाल फुगले, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. हे दृश्य विरुपाक्षानं कणगीमागं पाहिलं होतं.

राजीनंही ते ओळखलं. ती उठली, म्हातारीच्या जवळ गेली आणि तिच्या मनगटाला हात लावून म्हणाली, “अज्जी, धरू नका. कान दुखतात.”

अक्कम्मानं हात काढले. आणि ती शिंकली. नुसती शिंकली नाही, अशी शिंकली की पडवीतल्या बशा वाजल्या.

मग ती पदरानं डोळे पुसत बसली. शिंकेचं पाणी कुठलं आणि दुसरं कुठलं हे सांगणं कठीण होतं. “माझं लगीन ठरत व्हतं तवा मी शिंकले,” ती राजीला सांगत होती, बाकी कोणी नसल्यासारखी. “पावनं उठून गेले. आईनं वर्सभर कुणापुढं येऊ दिलं न्हाई मला. तवापास्नं धरते बघ. साठ वर्सं झाली. पौष आला की रोज धरते. घरात कुणाला म्हाईत न्हाई.”

सिद्रामप्पांच्या हातातली बशी कलली. ज्या घरात सकाळपासून कोणी शिंकलं नव्हतं, ते का शिंकलं नव्हतं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

अक्कम्मानं राजीला मांडीशी ओढलं, एक बोट तिच्या नाकावर टेकवलं. “ओंदु,” ती म्हणाली. मग तेच बोट स्वतःच्या नाकावर ठेवलं. “एरडु. दोन झाल्या. सुपारी कुटं पडली बघ.”

सुपारी मल्लूनं शोधून दिली, आणि देता देता तीनदा शिंकला. पाच झाल्या. सगळ्यांनी चमकून ईरम्माकडं बघितलं. ईरम्मा नातीकडं बघत होती. “मी कुटं मोजतेय?” ती म्हणाली, आणि उठून तिनं राजीच्या केसांतला कापूस वेचायला घेतला.

वैशाखात लग्न झालं. त्यानंतर दर पौषात अक्कलकोटहून राजीच्या नावानं कार्ड यायचं. अक्कम्माला लिहिता येत नसे, संगप्पा लिहून द्यायचा. मजकूर एका ओळीचा असे. ‘माझ्या आज सात. तुझ्या किती?’ राजी मोजून उत्तर पाठवायची. अकरा वर्षं तो पत्रव्यवहार चालला. मग एका पौषात कार्ड आलं नाही. त्या वर्षी राजीनं आपला आकडा कोणाला सांगितला नाही.

आता ईरम्मा नाही, गिरणीचा भोंगा वाजत नाही, आणि नरसय्याच्या मागाची जागा भिंतीवरच्या खुणांवरून तेवढी ओळखू येते. विरुपाक्षाची सत्तरी उलटली. घाईनं कुठं जायचं त्याला उरलेलं नाही. राजी पुण्याला असते. तिच्याकडं ॲलर्जीच्या चार प्रकारच्या गोळ्या आहेत, पण पौष तो पौषच. संध्याकाळी तिचा फोन येतो. तब्येत, भाव, नातवंडं असं सगळं बोलून होतं, ती “ठेवते अप्पा” म्हणते, आणि नेमकी तेव्हाच शिंकते. एकदा.

“थांब की,” विरुपाक्ष म्हणतो. “अजून एक यायचीय.”

मग ती तिकडं थांबते आणि तो इकडं फोन कानाला लावून बसून राहतो. शकुनाचं त्याला आता काही वाटत नाही. दुसरी येईपर्यंत पोरगी फोनवर असते.